साहजिकच

११ जानेवारी

दादा,

हे पत्र मिळालं तर उत्तर पाठवू नकोस. फोन करू नकोस, कुणाबरोबर निरोप धाडू नकोस, आणि मुख्य म्हणजे दारात येऊन उभा राहू नकोस. गप्प राहण्याचा तुला सराव आहे. आणखी दहा आठवडे जड जाऊ नयेत.

कारण सांगते. १९ मार्चला तुला जाऊन सात वर्षं होतात. ‘पलीकडच्या काठावर एका दाराचं माप घेऊन येतो’ म्हणून टेप खिशात टाकून होडीत बसलास, तो दिवस. कायद्यात एक सोय आहे. माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच कळलं असतं, त्यांना सात वर्षं त्याच्याबद्दल काहीच कळलं नाही, तर तो मेला असं गृहीत धरता येतं. वहिनीला ती सोय हवी आहे. तिला लग्न करायचं आहे.

एका दमात लिहून टाकलं. आता तू पाणी पिऊन ये, मग पुढचं वाच.

चौकातलं चष्म्याचं दुकान आठवतं? तिथले म्हातारे गेले, आता पुतण्या बसतो. आम्ही दोघी त्यांना भिंगवाले म्हणतो. आप्पांच्या चष्म्याची दांडी मोडली म्हणून वहिनी एकदा गेली, तर त्यांनी चार वेळा बोलावलं. दांडीत चार वेळा बोलावण्यासारखं काही नसतं, हे माझ्यासारखीलाही कळतं. माणूस बुजरा आहे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, पण नंबर किती असेल याचा अंदाज घेत. वहिनी त्यांच्याकडून आली की पायऱ्या दोन-दोन चढते. तिला असं चढताना मी फार वर्षांनी पाहिलं.

दुसरा रस्ता होता. नवरा सोडून गेला म्हणून घटस्फोट मागायचा. वकिलीणबाईंनी आधी तोच सुचवला. वहिनी म्हणाली, “सोडून गेले, टाकून गेले, यावर मी सही करणार नाही. टाकायला मी काय पायपुसणं आहे? ते नाहीत, एवढंच लिहा.” म्हणजे बघ, तू मेलास तर तिची मान ताठ राहते, आणि जगलास तर खाली जाते.

आणि योगायोग असा की माझा प्रबंधही याच कलमावर आहे. योगायोग कसला, विषय मीच निवडला. तू गेलास तेव्हा मी बारावीला होते आणि मला काय व्हायचंय ते रोज बदलत होतं. आता मी कायद्याचं पदव्युत्तर शिकते, एका अतिशय कडक मॅडमच्या हाताखाली प्रबंध लिहिते, आणि तो ३१ मार्चला द्यायचा आहे. तिसरं प्रकरण नुसत्या ‘साहजिकच’ या शब्दावर आहे. कुणाला साहजिकच कळतं? बायकोला? भावाला? ज्याच्याशी भांडण झालं त्याला? मॅडम म्हणाल्या, “एका शब्दावर चाळीस पानं?” मी म्हटलं, “मॅडम, पस्तीस.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि होकार दिला.

माझी पानं टाइप करते वहिनी. घरीच टायपिंगची कामं घेते ती आता, बाहेरच्या खोलीत, तुझ्या रंध्याच्या बाकावर संगणक ठेवून. तू मेल्याचं कसं ठरवायचं, ते ती रोज दहा पानं टाइप करते आणि माझं ऱ्हस्व-दीर्घ सुधारते.

तुझा पत्ता कुठून मिळाला, हे विचारशील. साडेतीन वर्षांपूर्वी तुझं कार्ड आलं होतं, होडीचं चित्र असलेलं, खाली त्या होड्या बांधायच्या कारखान्याचा पत्ता. ते माझ्याकडे आहे. मी कुणाला बोलले नाही. फार काही लिहिलं नव्हतंसच तू. तेव्हा मी गप्प, तू गप्प, आणि १९ मार्चला तू नीट, कायदेशीर मरशील. यात कुणाचंच नुकसान नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे.

तुझी,
धाकटी


३ फेब्रुवारी

दादा,

एक मूर्खपणा झाला आहे. मागचं पत्र टाकायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “साधं की रजिस्टर?” आणि मी म्हणाले, “रजिस्टर, पोचपावतीसकट.” कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात दोन वर्षं लोकांच्या नोटिसा पाठवल्यात ना, तोंडातून आपोआप गेलं. घरी येऊन चप्पल काढताना डोक्यात उजेड पडला. माग ठेवू नकोस हे सांगणारं पत्र मी माग ठेवून पाठवलं. असं फक्त कायद्याचा विद्यार्थीच करू शकतो.

तीन आठवडे झाले, पावती परत आलेली नाही. म्हणजे तू आता तिथे नसशील. किंवा ‘या नावाचा कुणी नाही’ म्हणून सांगितलं असशील. तेच बरं. तरी रोज जाता-येता मी दारावरच्या पेटीत हात घालून बघते, हेही खरं.

वाचनालयात वरच्या मजल्यावर माझं टेबल खिडकीपाशी आहे. जुन्या निकालांचे खंड तिथेच, पाठी सुटलेले, हात लावला की पिवळी भुकटी बोटांना लागते. खाली नदी. या दिवसांत अकरा वाजेपर्यंत धुकं असतं आणि पलीकडचा काठ नसतोच. होडी निघते, थोडी दिसते, मग तिचा नुसता आवाज राहतो. मग आवाजही जातो. मी पेन हातात धरून बघत बसते. रोज वाटतं की तू अजून त्या होडीतच आहेस, पलीकडे पोचलाच नाहीस, आणि धुकं वर गेलं की मधोमध बसलेला दिसशील, टेप उघडून पाण्याची रुंदी मोजत.

दुपारी मला डुलकी लागते. लागते म्हणजे काय, मी लावून घेते. खंडावर गाल टेकला की त्यातली माणसं येऊन समोरच्या बाकावर बसतात. निकालात त्यांच्याबद्दल दोनच ओळी असतात. बाकी सगळं इतरांच्या भांडणाबद्दल. एकजण छत्री दुरुस्त करायला गेला आणि बारा वर्षं आला नाही. एक बाई दूध तापत ठेवून गेली. एक शिंपी आहे, तो गेला तेव्हा गळ्यात दुसऱ्याच्या कोटाची बाही होती. त्यांचे बूट ओले असतात. ते अगदी शांत असतात, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. दूधवाली मला हळूच विचारते, “आमचं किती झालं?” मी वहीत बघून सांगते, “तुमचं सहा वर्षं अकरा महिने.” ती म्हणते, “मग थांबते थोडी.” तू त्यांच्यात कधी नसतोस. मी दरवेळी शेवटपर्यंत बघते.

मॅडमनी तिसरं प्रकरण तपासून दिलं. त्यांची एक पद्धत आहे, चूक-बरोबर काही लिहीत नाहीत. जे वाक्य वाऱ्यावर सोडलेलं असेल त्याच्यासमोर समासात हिरव्या पेन्सिलने एकच शब्द: आधार? आम्ही विद्यार्थी त्याला हिरवळ म्हणतो. कुणाच्या पानावर किती उगवली, ते विचारत असतो. माझ्या पस्तीस पानांत एकाच ठिकाणी होता. वाक्य असं होतं: ‘ज्यांना साहजिकच कळले असते त्यांच्यापैकी एकाने कळलेले दडवून ठेवले, तर कायदा जे बेपत्ता माणसाचे मौन समजतो, ते घरातल्याच कुणाचे तरी असू शकते.’ त्यापुढे: आधार?

मी ते पान अजून तसंच ठेवलं आहे.

आणि आप्पा गेले, दादा. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. पहिल्या ओळीत. दीड वर्ष झालं. तू गेल्यावर दोन वर्षांनी त्यांची डावी बाजू गेली, मग खुर्ची, मग पलंग. शेवटी शेवटी ते दाराकडे बघून विचारायचे, “हे त्याने केलंय ना?” आपण म्हणायचं, हो. मग खिडकीकडे बघून, “आणि ही?” सगळंच तू केलेलं होतं, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं होतं. तुला कळवायला हवं होतं. पत्ता माझ्याकडे होता. मी रोज उद्यावर ढकललं, आणि मग कळवण्यासारखं काही राहिलं नाही.

हे पत्र साधं पाठवते आहे.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

पावती आली. तुझी सही आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी चौकटीबाहेर काढायची तुझी खोड गेलेली नाही. तारीख २९ जानेवारी. म्हणजे मी तुला तिथे नाहीस म्हणून सोडून देत होते, तेव्हा तू पत्र वाचून घडी करून ठेवलं होतंस. आणि मी सांगितलं तसा गप्प राहिलास. तू इतका आज्ञाधारक कधी झालास?

पण मला दुसरंच सांगायचं आहे. काल मी वाचनालयातून आले तेव्हा पावती माझ्या टेबलावर होती, पानांच्या गठ्ठ्यावर, पालथी घातलेली. मी वहिनीला विचारलं, “हे कधी आलं?”

“दुपारी. मीच घेतलं.”

“बघितलंस?”

“तुझं नाव बघितलं. बाकी कशाला बघू? दुसऱ्याचं टपाल मी वाचत नाही.” आणि माझं एक ‘दृष्टिकोण’ सुधारायला परत टायपिंगकडे वळली.

मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले. बराच वेळ. वहिनीने दार वाजवलं, “पोट बिघडलंय का गं?” मी हो म्हणाले.

तर आता लिहिते. ते कार्ड माझ्या नावाचं नव्हतं.

तुला हे माहीतच आहे, पत्ता तूच लिहिला होतास. तिचं नाव, खाली आपलं घर. पण मला हे माझ्या हाताने लिहायचं आहे. मी पहिल्या पत्रात ‘तुझं कार्ड आलं होतं’ असं लिहिलं, कुणाला ते गाळलं, आणि ते वाचताना तू काय समजला असशील याचा आता विचार करवत नाही. बहुतेक समजलास, की तिने वाचलं आणि मला ठेवायला दिलं.

तिने वाचलेलं नाही. ते तिला मिळालं नाही. त्यावरचं मला तोंडपाठ आहे: ‘मी ठीक आहे. इथे काम मिळालं आहे. गेलो ते का, ते लिहिता येत नाही, समोर बसून सांगेन. मी येऊ का? हो किंवा नको, एवढं कळव. काही कळवलं नाहीस तर नको असं समजेन.’

जूनमधली सकाळ होती. माझी तिसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती, शेवटचे दोन पेपर राहिले होते. वहिनी आप्पांना अंघोळ घालत होती. पेटी मी उघडली. मी ते पाठ्यपुस्तकात घातलं. दोन पेपर झाले की देईन, असं म्हणाले. तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

सात वर्षं गप्प राहायचा सराव आहे म्हणून तुला टोमणा मारला ना मी? त्यातली साडेतीन वर्षं माझी आहेत.

धाकटी


६ मार्च

दादा,

तुझ्याकडून अजूनही काही नाही. मीच सांगितलंय तसं, तरी राग येतो.

तू विचारलेलं नाहीस, पण का ते सांगते. परीक्षा संपल्यावरही मी कार्ड दिलं नाही, कारण मी हिशोबी बाई आहे. तू आलास तर आलास. पण न येता तिलाच बोलावलंस तर? ती निघाली असती, अंगावरच्या कपड्यांनिशी. आणि मग आप्पांना उचलणं, पुसणं, रात्रंदिवसाची ती सगळी दगदग माझ्यावर आली असती, आणि माझा कायदा तिथेच संपला असता. तिने उचललं म्हणून मी शिकले. मी पुस्तक धरून बसलेली असताना ती शेजारच्या खोलीत आप्पांची कूस बदलत असायची, मला आवाज यायचा. मी पान उलटायचे. माझ्या प्रबंधाला खरा आधार कोणाचा, ते मॅडमनी पेन्सिलने विचारायची गरज नव्हती.

याशिवाय ती मला आवडते, हेही एक. ती गेली तर घरात माझ्याशी भांडायला कुणी राहणार नव्हतं. हे कारण जरा बरं दिसतं म्हणून मागून लिहिलं, असं तुला वाटेल. वाटू दे.

वकिलीणबाईंनी परवा बोलावलं. अर्जाबरोबर घरातल्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र लागतं. “तू कायद्याचीच, मसुदा तूच कर,” म्हणाल्या. केला. ‘मी शपथेवर सांगते की दिनांक १९ मार्चपासून आजतागायत मला किंवा माझ्या कुटुंबीयांना सदर इसमाबद्दल काहीही कळलेले नाही.’ सुरेख उतरलं आहे. सदर इसम म्हणजे तू. खाली माझ्या सहीची जागा, टिंबटिंब.

वहिनीने ते टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, “सही करताना रडू आलं तर येऊ दे हं. मलाही रडायला येणार आहे. पण मला आतून पक्कं माहीत आहे गं, ते नाहीत. असते तर दोन ओळी तरी टाकल्या असत्या. एवढा निर्दय माणूस नव्हता तो.”

मी म्हटलं, “हो.”

तुझी बाजू घेऊन ती तुला मारते आहे, दादा. आणि मी तिला ‘हो’ म्हणते आहे.

आज मॅडमकडे गेले होते. त्यांच्या खोलीत पुस्तकं इतकी आहेत की दुसरी खुर्ची बाहेरून आणावी लागते. त्यांनी ते पान काढलं.

“हे वाक्य कुठून आणलंस?”

“सुचलं, मॅडम.”

“सुचलेलं वाक्य जरा मिरवतं. हे मान खाली घालून उभं आहे.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “आधार असेल तर दे. नसेल तर काढ. वाक्य गेल्याने प्रबंध पडत नाही.”

“आधार असेल, पण देता येत नसेल तर?”

त्यांनी ते पान माझ्याकडे सरकवलं. बाहेर गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, तो आवाज येत होता. मला वाटलं आता विचारतील. मला ते हवंही होतं. पण त्या म्हणाल्या, “मग तो प्रश्न प्रबंधाचा नाही. आणि त्याचं मार्गदर्शन मी करत नाही. खुर्ची जाताना बाहेर ठेव.”

मी होडीने उगाचच पलीकडे जाऊन आले. पहिल्यांदाच, तू गेल्यापासून. पलीकडे काही विशेष नाही. धक्का, दोन बाकं, सायकली लावायची जागा, आणि थोडी पुढे घरं. प्रत्येक घराला दार होतं. मी वेड्यासारखी बघत राहिले की कुठलं तुझं मोजायचं राहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि सगळं किंचित हलत होतं, पाण्यात बघितल्यासारखं. एका दारातून एक बाई म्हणाली, “कुणाकडे आलात?” मी परत धक्क्याकडे वळले. परतीच्या होडीत झोप लागली.

धाकटी


१६ मार्च

दादा,

सांगितलं.

तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी मला येतं त्या पद्धतीने सांगितलं. त्या वाक्याला तळटीप दिली. शेवटचा मसुदा म्हणून शंभर पानं वहिनीला दिली आणि समोर पाटावर बसून शेंगा सोलत राहिले. तिची बोटं चालतात तेव्हा मला नेहमी पेंग येते, तशीच येत होती. ती एकसष्टाव्या पानावर आली. वाक्य टाइप केलं. वर एवढासा आकडा दिला. मग खाली गेली आणि टाइप करायला लागली: ‘पोस्टकार्ड, साडेतीन वर्षांपूर्वीचे. प्रस्तुत लेखिकेच्या ताब्यात. मूळ पत्ता’ आणि पुढे तिचं स्वतःचं नाव.

बोटं थांबली.

तिने नाव पूर्ण केलं, दादा. आडनावासकट. पूर्णविराम दिला. मग न वळता म्हणाली, “आण.”

मी आणून दिलं. ती खिडकीपाशी गेली. चार ओळींचं कार्ड, पण ती किती वेळ उभी होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन होता, तो सरकून कोपऱ्यात गेला आणि वाकडा झाला. मला वाटत होतं की हे सगळं वाचनालयातल्या डुलकीत चाललं आहे, गाल उचलला की संपेल.

मग ती म्हणाली, “मी काय म्हणाले असते, ते तुला कसं माहीत होतं?”

“माहीत नव्हतं.”

“मग?”

“मी धरून चालले.”

“हो ना. जाताना त्यांनी धरलं, की ही राहील. आप्पांनी धरलं, की ही करेल. तू धरलंस, की ही पळेल.” आवाज अजिबात चढला नाही. “कोर्टाकडे मी उगाच जात होते. गृहीत धरायचं काम तर घरातच चालू होतं.”

मी पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते कळलं. मी पोचपावतीही दिली. तीही तिने वाचली, तुझ्या सहीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, “म्हणजे आहेत.” फक्त तेवढंच. मग आत गेली आणि तिथून आवाज आला. रडण्याचा म्हणावा तर तसा नव्हता. मी दाराबाहेर बसून राहिले. ते दार तू केलेलं, खालून बोटभर फट राहिलेलं.

त्याला चार दिवस झाले. प्रतिज्ञापत्र मी फाडलं. वकिलीणबाईंना मी जाऊन सांगितलं, आणि त्यांनी मला जे ऐकवलं ते पाठ्यपुस्तकात नाही. मॅडमनाही तळटीप दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, समासातला स्वतःचा शब्द खोडरबराने पुसला आणि म्हणाल्या, “ही राहायची की जायची ते मला विचारू नकोस. जिचं नाव आहे तिला विचार.” वहिनीने काल माझ्या टेबलावर ते पान ठेवलं. नाव काढून ‘कुटुंबातील व्यक्ती’ केलंय. बाकी सगळं ठेवलंय, आणि ‘ताब्यात’च्या जागी ‘बेकायदेशीर ताब्यात’ केलंय. ते बरोबर आहे, मी तसंच देणार आहे.

भिंगवाले परवा येऊन गेले. बाहेरच्या खोलीत दोघं बोलत होती. मी कान द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तरी एक वाक्य आलंच, “लागू दे कितीही वेळ, मी दुकान सोडून कुठे चाललोय.” जाताना मला पायऱ्यांवर भेटले. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, “तुम्हाला चष्मा लागलाय, या एकदा.” ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

तुझ्याबद्दल आता काय लिहू? आप्पांना भेटायचं तुझं राहिलं, ते माझ्यामुळे. तिने हो म्हटलं असतं आणि तू आला असतास, की तूच मध्येच परत फिरला असतास, हे कुणालाच कधी कळणार नाही, तेही माझ्यामुळे. मी माफी मागत नाही, कारण तू माझा भाऊ आहेस आणि लगेच देशील. मला ती फुकट नको.

तू सात वर्षांपूर्वी का गेलास ते मात्र एकदा कुणाला तरी सांग. मला नको. तिला सांग, तिने विचारलं तर.

या पानाच्या खाली वहिनी स्वतः लिहिणार आहे. मी जागा सोडली आहे. मी ते वाचणार नाही.

धाकटी



तुमचं कार्ड मला मिळालं. कधी मिळालं म्हणून लिहावं ते कळत नाही, म्हणून तारीख घालत नाही.

तुम्ही विचारलं होतं, येऊ का. तेव्हा मिळालं असतं तर मी काय कळवलं असतं, ते आज मलाही सांगता येणार नाही. चार दिवस आठवून बघते आहे. कधी हो येतं, कधी नको येतं. तुम्ही मात्र ‘नको’ समजून एवढी वर्षं राहिलात, त्यात माझा शब्द नव्हता, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

आज विचाराल तर, येऊ नका.

अर्ज मी बदलून घेतला आहे. तुम्ही हयात आहात आणि मला सोडून गेलात, असंच त्यात आहे. सही करताना वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. नोटीस तुमच्या याच पत्त्यावर येईल. घ्या. परत पाठवू नका.

आप्पा झोपेत गेले. त्रास झाला नाही. तुमचं नाव घेतलं होतं.

धाकटीशी मी अजून बोलत नाही. दोन वेळा जेवायला वाढते. ती ताटाकडे बघून जेवते, वाळली आहे. हे पत्र टपालात टाकायला तिच्याकडेच देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.